गरबाचं वरचं पान

नश्मिया पान शिवत असली की खोलीत कुणी पाय आपटत आलेलं तिला खपायचं नाही. पुठ्ठ्यावर सुकलेली फांदी, फांदीवर सुई आणि सुईच्या टोकावर तिची नजर. दार धाडकन उघडलं तर ती मान वर न करता म्हणायची, "आला उंट." येणारा बहुतेक वेळा मीच असायचो. फळ्यांमध्ये दाबलेली पानं आत आणायची, ओले कागद उन्हात घालायचे आणि कोरडे परत द्यायचे, हे माझं काम.

फुरात नदीच्या काठावर, हदीसा गावाच्या वरच्या अंगाला आमची सरकारी रोपवाटिका होती. रोपं वाढवायची, वाटायची. शिवाय आसपासच्या रानातली झाडंझुडपं सुकवून, पुठ्ठ्यावर शिवून बगदादला पाठवायची. हे शेवटचं काम ऐकायला हलकं वाटतं. करून बघावं. हिवाळ्यात कागद दिवसातून दोनदा बदलावे लागतात. एक वेळ चुकली की पान काळं पडतं, आणि काळं पडलेलं पान परत हिरवं करणारा अजून जन्मलेला नाही. नश्मियाच्या हाताखालून गेलेलं पान काळं पडलेलं मी पाहिलं नाही. मी कुणाचं कौतुक सहज करत नाही.

आधी ती बाहेर पिशव्यांत माती भरायची. आमचे साहेब उस्ताद यल्दा, मोसुलकडचे. एकदा त्यांनी तिला दोन रोपांची गुंतलेली मुळं सोडवताना पाहिलं. तिने एकही तंतू तोडला नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या हातात सुई आली.

उस्तादांना शब्दांचं वेड होतं. पानाला नुसतं लांब किंवा गोल म्हटलेलं त्यांना सहन व्हायचं नाही. आधी आकार, मग टोक, मग बूड, मग कडा, या क्रमाने सांगायचं. रेषाकृती, भालाकृती, अंडाकृती, हृदयाकृती. कडा अखंड, की करवती, की दंतुर. आम्ही कामगार या शब्दांची टिंगल करायचो. आमच्या मुकादमाचे पुढचे दात एक सोडून एक गेलेले. त्याचं नाव दंतुर पडलं ते पडलंच, त्याच्या बायकोनेही उचललं. ‘वृक्काकृती म्हणजे गुर्द्याच्या आकाराचं’ असं उस्तादांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दंतुर म्हणाला होता, "उस्ताद, भाजून की रश्श्यात?"

सगळे हसले. नश्मिया हसली नाही. तिला ते शब्द कामाचे वाटले.

"लांबट म्हणजे काय रे?" ती मला म्हणाली. "काकडी लांबट. तुझं नाक लांबट. रेषाकृती म्हटलं की भांडण मिटलं."

शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. शब्द कानाने घेतले आणि तोंडात ठेवले. शिवता शिवता पुटपुटायची, "भालाकृती, टोक अणकुचीदार, बूड निमुळतं, कडा करवती." म्हाताऱ्या बाया जपमाळ ओढतात तसं. पुढे पुढे माणसांबद्दलही ती याच क्रमाने बोलायला लागली. मुख्तारचा, म्हणजे आमच्या गावप्रमुखाचा, नवा जावई कसा आहे विचारलं, तर म्हणाली, "आकार बरा आहे. टोक बोथट आहे. बूड कुणी बघितलंय?"

तिचा नवरा खलफ नाव चालवायचा, माणसं आणि बकऱ्या पलीकडे न्यायचा. तापाने गेला. मुलगी एकच, रज्वा. ती रमादीला दिलेली. एका उन्हाळ्याच्या शेवटी रज्वा दोन मुलांना आणि एक पेटी घेऊन ट्रकमधून उतरली. नवऱ्याने दुसरी आणली होती. त्याबद्दल गावात कुणी फार बोललं नाही; पण रज्वाच्या मनगटावर जुना पिवळा डाग होता, तो सगळ्यांनी पाहिला आणि त्याबद्दल तर कुणीच बोललं नाही.

नश्मियाचं घर एका खोलीचं. त्यात ती, रज्वा, दोन मुलं आणि खलफची म्हातारी आई. म्हातारी रात्रभर खोकायची आणि सकाळी विचारायची, "पाहुणे कधी जाणार?" रज्वा ऐकून घ्यायची. एक दिवस ती आईला म्हणाली, "थंडीच्या आत मला वेगळं दार मिळालं तर राहते. नाही तर जाते परत."

"परत कुठे?"

"जिथून आले तिथे. तिथे निदान मी पाहुणी नाही."

नश्मियाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून कच्च्या विटा पाडायला लागली. कामावरून आली की चिखल तुडवायचा, भुसा मिसळायचा, साच्यात भरायचा. मी आणि माझा भाऊ सुट्टीच्या दिवशी जायचो. भिंती चढल्या. खजुराचा हंगाम आटपेपर्यंत खोली खांद्याच्या वर गेली. राहिलं धाबं. धाब्याला आडव्या तुळया लागतात, तुळयांना सरळ लाकूड लागतं, आणि आमच्या भागात सरळ लाकूड म्हणजे सोन्याहून दुर्मीळ.

नश्मियाला त्याची काळजी नव्हती. तिच्या घरामागे काठावर झाडांची एक रांग उभी होती, मांडीएवढी जाड, सरळसोट. मोठा पूर आला होता त्या वर्षी काठ ढासळू नये म्हणून खलफने तिथे वाळुंजीच्या काड्या रोवल्या होत्या. त्या रोवताना सगळ्या गावाने पाहिल्या होत्या. खलफ गेल्यावर नश्मिया दर उन्हाळ्यात नदीतून डबे भरून त्यांना पाणी घालायची. गावात त्या रांगेला नावच होतं, नश्मियाची वाळुंज.

झाडं तोडायचा दिवस ठरला. मी करवत घासून आणली होती. पहिल्या झाडाला दोर बांधला, तोच पाटाच्या पलीकडून हाजी मुख्लिफ हात हलवत आला.

हाजी मुख्लिफ म्हणजे आमचा रहाटांचा सुतार. नदीतले मोठमोठे पाणरहाट तोच बांधायचा, तोच दुरुस्त करायचा. त्याचं घर नश्मियाच्या शेजारी, मध्ये पाण्याचा पाट. पाटाच्या त्याच्या बाजूला गरबाचं, म्हणजे आमच्या नदीकाठच्या पॉप्लरचं, एक जुनं, खरबरीत सालीचं झाड होतं, त्याच्या आजोबांच्या वेळचं.

"थांब रे. करवत खाली ठेव."

"का हाजी? पोटात दुखतंय का?" मी विचारलं.

"ही माझ्या गरबाची पोरं आहेत."

नश्मिया घरातून आली, हाताला पीठ. "हाजी, ही वाळुंज आहे. खलफने लावलेली. तुम्हीच तेव्हा पलीकडून ओरडला होतात, काड्या उलट्या लावतोयस म्हणून."

"ओरडलो होतो. उलट्याच लावत होता. म्हणून तर मेल्या. त्यांच्या जागी माझ्या झाडाचे फुटवे आले, पाटाखालून."

"आणि हे आज आठवलं?"

"आज आठवलं नाही, परवा दिसलं. रहाटाच्या माथ्यावर बसून फळी ठोकत होतो. तिथून ह्यांचे शेंडे दिसतात. गोल पानं चमकत होती. वाळुंजीला गोल पान कधी आलंय?"

आमच्याकडचा रिवाज सांगायला हवा. मूळ ज्याचं, फुटवा त्याचा. झाडाची मुळं कुंपणाखालून, पाटाखालून कुठेही जावोत, वर जे येईल ते मूळ झाडाच्या धन्याचं. गरब तर मुळांतून असा फुटतो की अर्ध्या गावाची भांडणं त्यामुळेच. आणि कोवळ्या गरबाचं पान वाळुंजीसारखंच अरुंद असतं, गोल पानं झाड वाढल्यावर वरच्या अंगाला येतात, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पण खलफने वाळुंज लावली हे डोळ्यांनी पाहिलेलं. मग पानाकडे कोण बघतो?

मुख्तारला बोलावलं. तो आला, झाडाखाली सावलीत बसला, चहा आला. हळूहळू माणसं जमली. हाजीला झाडं हवी होती, कारण वरच्या रहाटाचे आरे कुजले होते. हिवाळी गहू पेरायच्या आत तो फिरला नाही तर अर्धा शिवार कोरडा राहिला असता. नश्मियाला का हवी होती ते कुणाला सांगायची गरज नव्हती. भिंती समोर उघड्या उभ्या होत्या.

"शेंडे तुम्ही पाहिले," मुख्तार हाजीला म्हणाला, "आणखी कुणी पाहिले?"

दंतुर बोलला, "हाजीला पाटापलीकडून स्वतःची बायको ओळखू येत नाही. गोल पान दिसलं म्हणे."

"बायको ओळखत नाही असं नाही," हाजी म्हणाला. "ओळख दाखवत नाही."

हशा झाला. मुख्तारने पेला खाली ठेवला. "मग पान ओळखणारं माणूस बघू. आहे कोण गावात?"

सगळ्यांची नजर एकीकडेच गेली. नश्मिया भिंतीला टेकून उभी होती.

"मांजरीच्या हाती दूध!" दंतुर म्हणाला.

"असू दे," हाजी मुख्लिफ म्हणाला. "ती सांगेल ते मला मान्य. वाळुंज म्हणाली तर मी करवतीला हात लावणार नाही. शुक्रवारी नमाजानंतर सांगू दे. बहिणी, चालेल?"

"चालेल," नश्मिया म्हणाली. तिच्या आवाजात काळजी नव्हती. ती वाळुंजच आहे याबद्दल तिला शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना ती मला म्हणाली, "अबू दहाम, शिडी घेऊन ये. आणि खजुराची आकडी. पान खालून, मधून, वरून, तिन्हीकडून घ्यायचं असतं."

"खालचं तर समोरच आहे."

"मग मी पगार कशाचा घेते?"

शिडी मधल्या झाडाला लावली. शेंडे बारीक, त्यावर माणसाचं वजन टिकत नाही. मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून आकडी लांबवली. मान दुखून आली, डोळ्यांत भुसा गेला. एक फांदी सुटून खाली आली. नश्मियाने ती उचलली आणि तिथेच मातीत बसली.

मी उतरलो तेव्हा तिने फांदीच्या बुडापासून टोकापर्यंतचं एकेक पान खुडून नव्या भिंतीच्या विटेवर ओळीने मांडलं होतं. डावीकडून उजवीकडे, खालचं आधी, वरचं शेवटी. पहिलं बोटाएवढं अरुंद. पुढचं जरा रुंद. मग आणखी रुंद. शेवटचं लांबीपेक्षा रुंदी जास्त, आणि कडेला मोठे मोठे दात.

"रेषाकृती," ती पहिल्यावर बोट ठेवून म्हणाली. "भालाकृती. हे अंडाकृती, इथून कडेला दात सुरू." शेवटच्या पानाशी बोट थांबलं. "वृक्काकृती. कडा दंतुर."

पलीकडे म्हातारी खोकत होती.

"गरब आहे," नश्मिया म्हणाली. "पहिल्यापासून गरब आहे. मी गरबाला पाणी घातलं."

रज्वा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली, पहिलं पान उचललं आणि आईच्या हातात ठेवलं.

"हे दाखव."

"हे एकच?"

"हे खोटं आहे का? ह्याच झाडाचं आहे ना? तुला कुणी विचारणार नाही की वर काय आहे. वर कुणी चढणार नाही. हा चढला होता, आणि हा तर आपलाच आहे."

मी खाली बघितलं. खोटं का बोला, त्या क्षणी मला ते बरोबर वाटलं. उन्हाळ्यातले ते पाण्याचे डबे मी पाहिले होते. भरलेला डबा चढणीवरून नेताना हाताला काय होतं ते मला माहीत आहे.

"एका पानाने झाड कळत नाही," नश्मिया म्हणाली.

"झाड कळून काय करायचंय, आई? मला छप्पर हवंय."

नश्मियाने पान परत ओळीत ठेवलं. जागच्या जागी, पहिलं. "हाजी म्हणाला, ती सांगेल ते मान्य. त्याने मला साक्षीला घेतलं, रज्वा. खालचं पान दाखवून मी गप्प बसले तर ते मी चोरलेलं लाकूड. त्या लाकडाखाली तू झोपशील?"

"झोपेन," रज्वा म्हणाली. "खुशाल झोपेन. तू जागी राहा." आणि आत गेली. त्या संध्याकाळी तिने पेटीला दोरी बांधून ती दाराशी आणून ठेवली. आईशी बोलणं बंद केलं. मुलांमार्फत निरोप जायचे. "आजीला सांग, मीठ संपलंय."

शुक्रवारी नमाजानंतर सगळे झाडांजवळ आले. एरवी निम्मी माणसं घरी जाऊन जेवून झोपली असती. नश्मियाने सगळी फांदी आणली होती, पानं जागच्या जागी. ती मुख्तारच्या हातात दिली.

"खालून वर बघा," ती म्हणाली. "खाली रेषाकृती, टोक अणकुचीदार, बूड निमुळतं, कडा अखंड. वर वृक्काकृती, कडा दंतुर. पानं एकाच फांदीची. हे गरब आहे. हाजीचा फुटवा आहे. इतकी वर्षं मी त्याला वाळुंज म्हणत आले. नोकरीत पानंच पानं शिवली, घरामागच्या झाडाचं वरचं पान बघितलं नाही."

दंतुरच्या तोंडून चेष्टा निघाली नाही. मुख्तारने फांदी उलटसुलट केली, शेजाऱ्याला दिली, त्याने पुढच्याला. ती हाजी मुख्लिफपर्यंत गेली. त्याने पाहिलीच नाही, फक्त बोटांनी चाचपली.

"सोमवारी तोडतो," तो म्हणाला.

"तुमची झाडं. कधीही तोडा."

त्याने सोमवारी तोडली. तोडायला मीच होतो, दुसरा करवत धरणारा गावात नव्हता. हाजी दगडावर बसून मापं घेत होता. सरळ बुंधे आऱ्यांसाठी एकीकडे रचले. संपलं तेव्हा काठ उघडा पडला होता आणि उन्हात शेंड्यांचा ढीग पडला होता, पानांसकट.

हाजी उठला. "बहिणी, शेंडे तू घे."

"दया करताय का?"

"आळस करतोय. हे कोण वाहून नेणार? माझ्या मुलांना विचार, एकाची कंबर आणि दुसऱ्याचा गुडघा." मग म्हणाला, "पाणी तू घातलंस."

शेंडे म्हणजे मनगटाएवढी वाकडी लाकडं. चूल पेटवायला बरी. धाब्याला नाही. नश्मिया त्या ढिगाभोवती फिरली, एकेक उचलून नजरेसमोर धरलं, वाक कुठल्या बाजूला आहे ते बघितलं. मग मला विचारलं, "बोरूच्या झोपड्यांना कमानी कशा करतात? दक्षिणेत?"

"बोरूचे भारे बांधून."

"मग ह्याचे भारे होणार नाहीत का?"

होतात. पण काम किती ते सांगतो. वाकडी लाकडं अशी जुळवायची की एकाचा वाक दुसऱ्याने खाऊन टाकावा. उलटसुलट ठेवायची, बुडाकडे शेंडा, शेंड्याकडे बूड. खजुराच्या तंतूची दोरी पाण्यात भिजवून, वीतभर अंतराने करकचून आवळायची. सुकली की आणखी आवळते. एक भारा बांधायला दोघांचा अर्धा दिवस जायचा. सरळ लाकूड असतं तर मी सगळं धाबं तेवढ्या वेळात टाकलं असतं. हाजी मुख्लिफ पाटापलीकडून बघायचा आणि ओरडायचा, "दोरी ढिली आहे!" दोरी ढिली नसायची. पण त्याच्या ओरडण्याने ती आम्ही पुन्हा बघायचो, हे खरं.

पहिली फांदी, तीच पानांची, नश्मियाने जळणात किंवा भाऱ्यात जाऊ दिली नाही. दाबून सुकवली आणि उस्तादांच्या परवानगीने पुठ्ठ्यावर शिवली. खालून वर, सगळे आकार एका फांदीवर. उस्तादांनी तो पुठ्ठा बगदादला पाठवण्याआधी बराच वेळ टेबलावर ठेवला होता. कारण विचारलं तर म्हणाले, "नवीन मुलांना दाखवतो, झाड एकच असतं म्हणून."

हवा गार व्हायला लागली होती. दाराशी पेटी तशीच बांधलेली. रमादीकडे जाणारा ट्रक दर आठवड्याला चौकात थांबायचा आणि रज्वा त्याचा आवाज आला की हातातलं काम थांबवून उभी राहायची. नश्मिया ते बघायची आणि दोरी भिजवायची.

शेवटचा भारा सगळ्यात वाईट होता. उरलेली, कुठेच न बसणारी लाकडं. मी एका टोकाला बसलो, नश्मिया दुसऱ्या. तिची बोटं सोलली होती, त्यामुळे गाठ सुटत होती. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा ती हात मांडीवर ठेवून बसली. तिला तसं बसलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं.

चौकात ट्रकचा भोंगा वाजला.

रज्वा पोळीचं पीठ मळत होती. हात न धुताच बाहेर आली. मला वाटलं, पेटीकडे जाणार. ती भाऱ्याकडे आली, आईच्या समोर उकिडवी बसली, दोरीचं टोक ओढून घेतलं.

"गाठ वर नाही मारायची," ती म्हणाली. "खाली घे. वर मारलीस तर मातीचं वजन येऊन सरकेल."

"मला शिकवतेस?"

"मग शिकून घे की. काका, तुम्ही धरा, नुसते बसू नका."

मी धरलं. तिने गुडघा भाऱ्यावर रोवला आणि आवळलं. सगळ्या दोरीवर पीठ लागलं. भोंगा आणखी एकदा वाजला, मग ट्रक गेला.

भारे भिंतीवर चढवले, वर बोरूची चटई, चटईवर पाला, पाल्यावर माती-भुसा. पहिल्या पावसात एका कोपऱ्यात गळलं. रज्वाने तिथे पातेलं ठेवलं आणि सकाळी छपरावर चढून स्वतःच माती थापली. मी खालून माती देत होतो. बादली जड होती. ती वरून म्हणाली, "काका, अर्धी भरून देता का पुरी?"

"पुरी," मी म्हणालो.

"मग एवढा वेळ का लागतोय?"